चौथी पाटी

नागपूर
३ सप्टेंबर २०२४

प्रिय नसरीन,

सप्रेम जयभीम आणि वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे ठीक आहोत. दोन महिन्यांत तुला अकरा वेळा फोन केला, एकदाही उचलला नाहीस. वर 'मैदानावर आहे', 'नंतर बोलू' असले मेसेज. भर पावसाळ्यात कोल्हापुरात कुठलं गं मैदान? शेवटी वैतागून वॉर्डातलं कोरं पॅड घेऊन बसले. शाळेत असताना मे महिन्यात तू पेठ वडगावला मामाकडे जायचीस तेव्हा आपण लिहायचो, तसंच. आता उत्तरही कागदावरच पाहिजे.

काम आहे म्हणून लिहिते असं समज. जूनपासून मला इथल्या अतिदक्षता विभागाची इनचार्ज केलंय. हाताखाली चौदा जण. पेढे वाटून झाले, कौतुक झालं, पण मी आत शिरले की सगळ्यांचं बोलणं थांबतं. चहाला मला कुणी हाक मारत नाही. प्रसेनजीत म्हणून एक ब्रदर आहे, वर्ध्याचा, हुशार पण संथ. त्याच्या हातातलं काम काढून मीच उरकते. त्याला समजावण्यात जातो तेवढ्या वेळात माझं दोनदा होतं.

तर पंधरा नोव्हेंबरला सगळ्या विभागप्रमुखांचं प्रशिक्षण आहे. 'खेळाकडून नेतृत्वाने काय शिकावं' या विषयावर वीस मिनिटं मी बोलायचंय, कारण माझ्या माहितीपत्रकात खो-खोची कर्णधार असं लिहिलेलं कुणीतरी वाचलं. मी इचलकरंजीचा अंतिम सामना सांगणार आहे. एकोणतीस वर्षं झाली, मला फक्त मी पडले तेवढं आठवतं. बाकीचं तू लिही. तू अठरा वर्षं मुलींना शिकवतेस, तुला सगळं येतं.

अम्मींना सलाम. गडहिंग्लजला गेलीस तर आईला भेटत जा, तिला माझ्यापेक्षा तूच आवडतेस. लोभ आहेच, पण फोन उचलत नाहीस त्यामुळे सध्या थोडा कमी समजावा.

तुझी
श्रुती


कोल्हापूर
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय इनचार्ज सिस्टरबाई,

सलाम आणि स. न. वि. वि.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, पळत सुटल्यासारखं. अम्मीनं पाकीट दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि विचारलं की श्रुतीच्या घरी लग्न निघालं की काय. हल्ली तिला ऐकू फार कमी येतं, त्यामुळे घरात शांतता असते.

फोनचं म्हणशील तर बिघाड माझ्या बाजूला आहे. तुझा आवाज येईल, माझा पोचणार नाही. दुरुस्त होईल तेव्हा होईल. पत्र बरं वाटतंय, तू बोलतेस तेव्हा मध्ये बोलायला मिळत नाही, इथं निदान पान संपल्यावर तू थांबतेस.

तुझ्या भाषणाबद्दल मी काय सांगू? नेतृत्व वगैरे शब्द मी मैदानावर काढला तर पोरी हसतील. माझ्याकडे नवीन मुलगी आली की तिला पळायचं असतं. पहिला महिना मी तिला नुसती बसवते. खो-खोत बसायच्या जागेला पाटी म्हणतात हेसुद्धा तुमच्या डॉक्टरांना ठाऊक नसेल, ते आधी सांग. एकटी पळते ती सगळ्यांना दिसते, पण आठ जणी पाटीवर बसलेल्या असतात, एक या तोंडाला, एक त्या तोंडाला. त्या आठ जणी जाग्या असतील तरच पळणारीला अर्थ. यापेक्षा जास्त मला सुचत नाही.

डिसेंबरात मुरगूडला जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. या वर्षीची कर्णधार वर्षाराणी, मुरगूडचीच, वसतिगृहात राहते. उंच आहे, रागीट आहे, तुझी आठवण येते. कधी कधी सराव संपल्यावर मी मैदानाच्या कडेला बसते आणि वाटतं की आत्ता तू मागून येऊन माझी वेणी ओढशील. वय झालं, दुसरं काय.

आणि नागपूरला राहून 'करून राहिली' म्हणायला लागली असशील तर इकडे फिरकू नकोस, तुझ्या आई, बायडाबाई, घरात घेणार नाहीत.

आठवण ठेवतेस तेवढी पुरे, आणखी ठेवलीस तर मी नाही म्हणणार नाही.

तुझी
नसरीन


नागपूर
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय नसरीन,

स. जयभीम, वि. वि.

फोन दुरुस्त करायला तीन महिने लागतात? मोहसीनला सांग. तुझा भाऊ मोबाइलचं दुकान चालवतो आणि तुझाच फोन बंद.

तुझं पाटीचं सगळं छान आहे, पण लोकांना गोष्ट लागते. मी लिहिलंय ते असं: अंतिम सामना, शेवटचं मिनिट, एक गडी बाद झाला की बरोबरी. कर्णधार दमलेली, तरी थांबत नाही, या खांबापासून त्या खांबापर्यंत एकटी पाठलाग करते आणि शेवटी सूर मारते. गुडघा फुटतो. एका गुणाने सामना जातो, पण ती हार मानत नाही. नेत्याने शेवटपर्यंत पळायचं असतं, इथे टाळ्या. कसं वाटतं, खरं सांग.

इकडे मागच्या मंगळवारी एक प्रसंग झाला. एका पेशंटच्या औषधाचा पंप चुकीच्या वेगाने लागला होता. लावला होता मीच, घाईत. प्रसेनजीतला पाऊण तास आधी शंका आली होती, पण तो बोलला नाही. मी स्वतः फेरीला आले तेव्हा दिसलं. पेशंट ठीक आहे, नाहीतर माझी काय गत झाली असती. सगळ्यांना उभं करून सुनावलं. कुणावर म्हणून विसंबता येत नाही बघ. चौदा माणसं, पण मी एकटीच पळतेय.

उत्तर लवकर दे. तुझ्या पत्राची वाट बघायची सवय लागली, वाईट सवय आहे.

तुझी
श्रुती


कोल्हापूर
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय श्रुती,

वि. वि.

खरं सांग म्हणालीस म्हणून लिहिते. ती गोष्ट सांगू नकोस.

तू पडलीस, गुडघा फुटला, सगळं बरोबर. पण मी त्या सामन्यात चौथ्या पाटीवर होते, ते तुझ्या भाषणात कुठंच नाही. शेवटची चाळीस सेकंदं. त्यांची ती घाऱ्या डोळ्यांची मुलगी माझ्यासमोर हातभर अंतरावर येऊन उभी राहायची. तू माझ्या पाठीमागून जायचीस. तुला मधली रेघ ओलांडता येत नव्हती, मला येत होती, कारण माझं तोंड तिच्याकडे होतं. नुसता पाठीवर हात ठेवून खो म्हणाली असतीस तर मी उठले असते आणि ती तिथंच बाद झाली असती. तू चार वेळा माझ्या मागून गेलीस. चारही वेळा मला तुझा श्वास ऐकू आला. मी पाठ ताणून बसले होते. खो मिळाल्याशिवाय उठलं की फाउल, म्हणून बसून राहिले. मग शिट्टी वाजली.

परतताना एस.टी.त तू म्हणालीस की संघ कमी पडला. मी माझ्या ओढणीनं तुझा गुडघा बांधत होते. तेव्हा बोलले नाही. तू रडत होतीस, आणि मला तू फार आवडायचीस. अजूनही आवडतेस. पण एकोणतीस वर्षं मी तो सामना मनात खेळते, आणि प्रत्येक वेळी तू मागून निघून जातेस.

तुझा प्रसेनजीत पाऊण तास का बसून राहिला, हे तू मला विचारलं नाहीस. तरी सांगते. त्याच्या हातातलं काम तू रोज काढून घेतेस. उठायचं असतं हेच तो विसरला असेल.

राग आला तर ये. पण खोटं बोलून टाळ्या घेऊ नकोस, एवढंच.

नसरीन


नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

नसरीन,

दीड महिना लिहिलं नाही. पहिले पंधरा दिवस रागात गेले. तुझं पत्र फाडायला घेतलं होतं, ते कपाटात टाकलं, पुन्हा काढलं. त्यानंतर लाज वाटायला लागली आणि लाजेनं तर अजिबातच लिहवेना.

भाषण झालं. मी ठरवलं होतं तेच घेऊन उभी राहिले, आणि पहिल्या दोन वाक्यांनंतर थांबले. मग तुझं सगळं सांगितलं. चौथी पाटी, चार वेळा, एस.टी.तलं माझं बोलणं. पंपाचंही सांगितलं, की चूक माझी होती आणि मी ती दुसऱ्याच्या डोक्यावर मारली. टाळ्या नाहीत गं. दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतकडे गेले आणि म्हणाले की यापुढे माझं काही चुकतंय असं वाटलं तर सगळ्यांसमोर बोल. तो म्हणाला, 'सिस्टर, मग एक आत्ताच सांगू का?' आणि त्याने ड्यूटीच्या तक्त्यातल्या तीन चुका दाखवल्या. तिन्ही बरोबर होत्या.

हे मी तुला आनंदाने लिहिणार होते. तेवढ्यात परवा आईचा फोन आला.

आई कोल्हापूरला दवाखान्यात आली होती, ती तुझ्या घरी डोकावली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते: 'पोरीचा आवाजच गेलाय गं. गळ्यावर ह्या कानापातूर त्या कानापातूर वण हाय. तोंडापाशी कान नेला तवा कळलं, च्या घे म्हणत हुती.'

बावीस वर्षं मी नर्स आहे, नसरीन. तुझ्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली हे मला माझ्या अंगठेबहाद्दर आईकडून कळतं. फोनचा बिघाड म्हणे. किती सहज लिहून गेलीस. मी तुला अकरा वेळा फोन केला तेव्हा तू तो हातात धरून बसली होतीस का? गाठ कसली होती? तपासायला काय पाठवलं होतं? तुझ्या उशाशी कोण होतं?

मला सांगितलंस ना, की मी चार वेळा मागून निघून गेले. आणि तू? तूही मला बसवूनच ठेवलंस. मी कुठे होते? आठशे किलोमीटरवर, जागी, तुझ्या एका शब्दाची वाट बघत.

रिपोर्टच्या झेरॉक्स पाठव. सगळ्या.

श्रुती


कोल्हापूर
१५ डिसेंबर २०२४

प्रिय श्रुती,

सलाम. वि. वि.

झेरॉक्स सोबत आहेत. तू वाचशील तेव्हा तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल, म्हणूनच पाठवल्या नव्हत्या.

जुलैत झालं. थायरॉइडची गाठ, कर्करोगाची. आवाजाची नस तिच्यात गुरफटली होती, ती कापावी लागेल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मोहसीन आणि त्याची बायको होती उशाशी. तुला का नाही कळवलं, याचं उत्तर मी बऱ्याचदा मनात जुळवलं. तू सगळं सोडून आली असतीस आणि मला तुझ्यासमोर रडावं लागलं असतं. तुझ्यासमोर रडायचं काम नेहमी तुझंच होतं ना. दुसरं म्हणजे, तुला वाटत होतं तितकी मी शहाणी नाही. तुला जे शिकवायला निघाले ते मला स्वतःला करता आलं नाही. चुकलं माझं. हे बोलून सांगितलं असतं तर बरं, पण आता कागदावरच घे.

घरात गंमत आहे. अम्मीला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. मी पाटीवर खडूनं लिहिते, खरीखुरी पाटी, शाळेतली, आणि अम्मी चष्मा शोधते. तोवर दूध उतू जातं.

खरं सांगू का कशाची सय येते? मैदानावर ओरडायची. अठरा वर्षं मी रेघेवर उभी राहून एकेक मुलीला हाकत आले. 'ऊठ', 'डावीकडं', 'दे की खो'. ऑगस्टमध्ये मैदानावर गेले तेव्हा पोरी पळायच्या सोडून माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या. शिट्टी वाजवून बघितली, नुसता गोंधळ. महिनाभर रोजचा सराव बिघडला. मुख्याध्यापिका घरी येऊन म्हणाल्या की दुसरे शिक्षक नेमू का. मी लिहून दिलं की नेमा.

त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. पाचव्या पाटीवरची आठवीतली मुलगी, कधी तोंड न उघडणारी, ती तिसऱ्या पाटीवरच्या मुलीला मोठ्यानं म्हणाली की गडी तुझ्या मागं आलाय. मग तिसरी बोलली. हळूहळू सगळ्या बोलायला लागल्या. एवढा कलकलाट, पण खेळ सुरळीत. मी कडेला उभी राहून ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं, या सगळ्यांना दिसत होतं गं. पहिल्यापासून दिसत होतं. माझ्या ओरडण्यात त्यांना बोलायला जागाच नव्हती. तुला मी चौथ्या पाटीवरून एवढं सुनावलं, आणि स्वतः आठही पाट्या गप्प करून ठेवल्या होत्या.

दुसरे शिक्षक नेमू नका म्हणून पोरीच जाऊन सांगून आल्या. मला नंतर कळलं.

मुरगूडला अंतिम सामन्यात आपण हरलो. एका गुणानंच, हस नको. शेवटी वर्षाराणी पाठलागावर होती. तिला स्वतःला पळता आलं असतं, पाय लांब आहेत. तिनं त्या आठवीतल्या पोरीला खो दिला. पोरगी उठली, झेपावली, बोटभर कमी पडली. परतताना एस.टी.त तिच्या शेजारी कुणी बसायचं यावरून भांडणं. मुरगूड ते कोल्हापूर गाणी म्हणत आल्या. मी पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. तू शेजारी असायला हवी होतीस असं इतकं वाटलं की कंडक्टरनं पोरींशिवाय किती तिकिटं म्हणून विचारल्यावर मी दोन बोटं दाखवली.

सोळा जानेवारीला पुढची तपासणी आहे. आजार कुठं पसरलाय का ते तेव्हा कळेल. भीती वाटते. या वेळी सांगतेय.

तुझी
नसरीन


नागपूर
२३ डिसेंबर २०२४

प्रिय नसरीन,

जयभीम. वि. वि.

रिपोर्ट आमच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले घाबरण्यासारखं कमी आणि लक्ष ठेवण्यासारखं जास्त. मी म्हणते तेच.

चौदा जानेवारीला महाराष्ट्र एक्सप्रेसने निघते, पंधराला पोचते, दहा दिवस राहणार. सहा महिन्यांत एक दिवस रजा घेतली नव्हती, मी नसले तर वॉर्ड कोसळेल असं वाटायचं. सकाळच्या बैठकीत विचारलं की जाऊ का. प्रसेनजीतने तारखा लिहून घेतल्या, बाकीच्यांनी आपापसात पाळ्या वाटून घेतल्या, आणि दहा मिनिटांत सगळं ठरलं. आनंद झाला, आणि जरासं वाईटही वाटलं, तेही लिहिते. चावी त्याच्याकडे देणार आहे. चहाला हल्ली बोलावतात, पण साखर फार घालतात.

स्टेशनवर येऊ नकोस, थंडी असते. येशीलच, माहीत आहे. गळ्याला मफलर गुंडाळ.

तुझी
श्रुती


कोल्हापूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्रुती,

सलाम आणि खूप खूप वि. वि.

तू जाऊन आठवडा झाला. अम्मी अजून तीन कप चहा ठेवते. तिसरा मीच पिते, मग झोप येत नाही.

रिपोर्ट चांगला आला हे तुझ्यासमोरच कळलं, तरी परत लिहिते, लिहायला बरं वाटतं. कुठं पसरलेलं नाही. आवाज मात्र असाच राहणार, कुजबुजीएवढा. डॉक्टरांनी ते सांगितल्यावर तू त्यांना इतके प्रश्न विचारलेस की ते स्वतःची खुर्ची सोडून उभे राहिले. बाहेर आल्यावर तू रडलीस, आणि मग मीही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोघी एका वेळी. समोरच्या बाकावर बसलेल्या बाईंना वाटलं आपलं कुणीतरी गेलं. त्यांनी पाण्याची बाटली दिली, ती आपण परत द्यायची विसरलो.

जूनपासून मैदान मी चार वर्षांपूर्वीच्या आमच्या कर्णधाराकडे सोपवतेय. वीस वर्षांची आहे, बी.पी.एड. करते. मुख्याध्यापिकांना मीच लिहून दिलं, या वेळी मनापासून. मी कडेला असेन, नव्या मुलींना बसायला शिकवीन. तेवढं कुजबुजूनही जमतं.

तुझ्या प्रसेनजीतनं दहा दिवसांत एकदाही फोन केला नाही, याचं तुला किती वाटलं ते मी बघितलंय. तू मोबाइल चार्जिंगला लावून पुन्हा पुन्हा बघायचीस. असंच होतं बघ. त्यांना जमायला लागलं की आपल्याला थोडं पोरकं वाटतं. मुरगूडच्या गाडीत मलाही तसंच वाटलं होतं, ते तेव्हा लिहिलं नव्हतं.

आपण दोघी एका गावात राहिलो असतो तर काय झालं असतं, हे तू बायडाबाईंच्या अंगणात विचारलंस. मी उत्तर दिलं नाही, कारण तिथं कुजबुज ऐकू गेली नसती आणि लिहायला पाटी नव्हती. रोज भांडलो असतो, श्रुती. रोज. मला ते फार आवडलं असतं.

आता एकच विचारायचं आहे. गाडी सुटली तेव्हा तू दारात उभी राहून मला काहीतरी ओरडून सांगितलंस. इंजिनाचा आवाज होता, हमालांची ओरड होती, मला काही कळलं नाही. 'काय?' म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं, दोनदा उघडलं, पण तुला काय ऐकू जाणार. तू हात हलवत राहिलीस, मला कळलं असंच समजून. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच होते.

काय म्हणाली होतीस ते लिहून पाठव. छोटं असलं तरी पाठव.

तोवर माझी माया तुझ्या दाराशी थांबलीय असं समज, उघडशील तेव्हा आत घे.

तुझी
नसरीन